उपायाची परीक्षा आणि हुकुमाची परीक्षा

नाशिक शहरातून त्र्यंबकेश्वराच्या रस्त्याला लागले म्हणजे थोड्याच अंतरावर सातपूरची औद्योगिक वसाहत सुरू होते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर राज्यात ज्या वसाहती नावारूपाला आल्या त्यांत हिची गणना होते. मोटारींच्या मोठ्या कारखान्यापासून त्याला सुटे भाग पुरविणाऱ्या आठ-दहा माणसांच्या वर्कशॉपपर्यंत लहानमोठे उद्योग येथे परस्परांच्या आधाराने उभे आहेत. अशा एखाद्या वर्कशॉपमध्ये लेथवरून उतरलेला जॉब इन्स्पेक्शनमध्ये नापास झाला, तर ड्रॉइंगमध्येच दोष होता काय, माल हलका आला होता काय, मशीनचे सेटिंग हलले होते काय, की टूल झिजल्यावरही ते वेळीच बदलले गेले नव्हते, या सर्व प्रश्नांची उत्तरे घेतल्यावाचून कोणीही जाणता सुपरवायझर ड्रॉइंग रद्द करावे असा शेरा मारीत नाही. लाखो माणसांच्या आयुष्याशी आणि कोट्यवधी रुपयांच्या तरतुदीशी ज्यांचा संबंध असतो त्या शासकीय योजनांची परीक्षा मात्र आपल्याकडे पुष्कळदा याहून कमी चौकशीने उरकली जाते, आणि त्या परीक्षेच्या निकालावर एखादी योजना देशभर पसरते किंवा कायमची दप्तरात बांधली जाते, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते.

योजनेच्या मूल्यमापनाची रीत वरवर पाहता सरळ आहे. योजना आली त्या गावांत पुढे काय घडले एवढेच पाहून भागत नाही, कारण पाऊस, बाजारभाव, रस्ते, शिक्षण यांमुळे गावे योजनेवाचूनही बदलत असतात. म्हणून योजना न आलेली, परंतु अन्य बाबतींत तशीच असलेली गावे शेजारी ठेवून तुलना करावी लागते. ही निवड अधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोडली तर उत्साही सरपंचांची गावे योजनेत आणि निरुत्साही गावे बाहेर राहण्याचा संभव असतो, यासाठी अलीकडच्या संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून गावे निवडण्याचा प्रघात पाडला. या पद्धतीने दोन गटांतील फरक विश्वासार्हपणे मोजता येतो हे निर्विवाद आहे. परंतु तो फरक कशाचा, हा प्रश्न चिठ्ठ्या टाकल्याने सुटत नाही. एखादा उपाय माणसांपर्यंत खरोखर पोहोचला असता काय होते, हा एक प्रश्न; आणि तो उपाय पोहोचवावा असा हुकूम सरकारने सोडला असता काय होते, हा दुसरा. दोन्ही प्रश्न योग्यच आहेत, दोहोंची उत्तरे राज्यकर्त्यांना हवी असतात, परंतु एकाचे उत्तर दुसऱ्याच्या नावावर खपविले गेले की अनर्थ होतो.

महाराष्ट्राला ही विद्या नवी नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची जी पाहणी केली, तिचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. पाण्याखालचा मुलूख आणि कोरडवाहू मुलूख यांची तुलना करून कालव्याचे प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभ मोजण्याचा तो देशातील अगदी आरंभीचा प्रयत्न होता, आणि त्यातील गोदावरीचे कालवे आपल्या नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर येथून निघतात. पुढे १९५२ साली समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला त्याच सुमारास नियोजन आयोगाने कार्यक्रम मूल्यमापन संघटना निर्माण केली आणि तिची धुरा प्रारंभी प्रा. द. गो. कर्वे यांच्याकडे होती. योजना आखणाऱ्या खात्याने स्वतःच आपली परीक्षा घेऊ नये, हे तत्त्व इतक्या लवकर मान्य झाले याचे श्रेय त्या पिढीला दिलेच पाहिजे.

आता ज्या उदाहरणासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळतो. ते आपल्या शेजारच्या, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील आहे. १९९९ पासून देशात संपूर्ण स्वच्छता अभियान सुरू झाले होते. महाराष्ट्रात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने गावोगाव चुरस निर्माण केली होती, आणि ‘हागणदारीमुक्त गाव’ हा शब्दप्रयोग सरकारी परिपत्रकातून निघून लोकांच्या तोंडी रुळू लागला होता. या वातावरणात, उघड्यावरील शौचाची चाल कमी झाली तर लहान मुलांच्या वाढीवर परिणाम होतो काय हे पाहण्यासाठी, राज्य शासन व जागतिक बँक यांच्या सहकार्याने अहमदनगर, नांदेड आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत एक प्रयोग आखला गेला. प्रत्येक जिल्ह्यातील ६० गावे घेऊन त्यांतील निम्मी यदृच्छ निवडीने अभियानासाठी ठरविण्यात आली. पहिली मोजणी फेब्रुवारी २००४ मध्ये झाली, शेवटची ऑगस्ट २००५ मध्ये.

बेत उत्तम होता. घडले ते असे की, तीनही जिल्ह्यांत पाहणी झाली, परंतु अभियान ठरल्या प्रकारे राबविले गेले ते केवळ नगरमध्ये. जेफ्री हॅमर आणि डीन स्पीअर्स या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे या सामग्रीचा अभ्यास केला तेव्हा त्यांना असे दिसले की, नगरच्या अभियान-गावांत इतर गावांपेक्षा शंभर घरांमागे सुमारे ८ घरांत अधिक शौचालये झाली होती, आणि त्या गावांतील मुलांची उंची वयाच्या मानाने सरासरीने वाढली होती; चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ही वाढ सुमारे १.३ सेंटीमीटर भरते. लहान वयातील उंची ही केवळ देहाची शोभा नव्हे. वारंवार होणारे जुलाब आणि आतड्यांचे चिवट विकार यांमुळे खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, मूल खुजे राहते, आणि त्या खुजेपणाचा संबंध पुढील बुद्धिविकासाशी आणि कमाईशी पोहोचतो, म्हणूनच तज्ज्ञ मंडळी तिच्याकडे इतक्या बारकाईने पाहतात.

या निष्कर्षातून कोणी काय घ्यावे? तिन्ही जिल्ह्यांची सरासरी काढणारा म्हणेल की अभियानाने फारसे काही साधले नाही. एकट्या नगरकडे पाहणारा म्हणेल की अभियान देशभर न्यावे, सर्वत्र मुले सेंटीमीटरभर उंच होतील. दोघांचीही आकडेमोड बिनचूक असू शकते आणि दोघांचाही निर्णय चुकीचा ठरू शकतो, कारण पहिला हुकुमाचे फळ उपायाच्या नावावर मांडीत आहे आणि दुसरा उपायाचे फळ हुकुमाच्या नावावर. ज्या जिल्ह्यात योजना राबली तो जिल्हा योजना राबविण्यास समर्थ होता, ही गोष्ट योगायोगाची मानता येत नाही. नगर हा सहकाराच्या, साखर कारखान्यांच्या, जुन्या आणि घट्ट मुळे धरलेल्या ग्रामसंस्थांच्या परंपरेचा जिल्हा. उलट नंदुरबार धुळ्यापासून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी, म्हणजे प्रयोग सुरू झाला तेव्हा त्याची जिल्हा कचेरी सहा वर्षांचीही नव्हती, आणि सातपुड्याच्या डोंगरांत विखुरलेल्या आदिवासी पाड्यांपर्यंत एखादा कर्मचारी नेमाने पोहोचविणे ही तेथील प्रशासनाची नित्याची अडचण होती. या कारणानेच अभियान तेथे खोळंबले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. परंतु योजनेचे यश ज्या गुणांवर अवलंबून असते तेच गुण मुलांच्या आरोग्यावर इतर वाटांनीही परिणाम करीत असतात, आणि म्हणून समर्थ जिल्ह्यात मिळालेला आकडा दुर्बल जिल्ह्याला लावताना फार जपावे लागते, एवढे तरी मान्य व्हावे.

हॅमर आणि स्पीअर्स यांचे मला विशेष मोल वाटते ते यासाठी की, जेथे अभियान झालेच नाही त्या दोन जिल्ह्यांची हकीकत त्यांनी तळटीपेत लपविली नाही. प्रयोगाचा बेत आणि प्रत्यक्ष अंमल यांतील अंतर हाच त्यांनी अभ्यासाचा विषय केला, आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात, एका ठिकाणचा निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणी कितपत लागू करावा या प्रश्नाला स्वतंत्र जागा दिली.

याच विषयावरचे आणखी दोन प्रयोग शेजारी ठेवले म्हणजे गुंतागुंत अधिक ध्यानात येते. मध्य प्रदेशात ८० गावांत झालेल्या प्रयोगात शौचालये असलेल्या घरांचे प्रमाण शेकडा १९ ने वाढले, तरी उघड्यावर जाणाऱ्या प्रौढांचे प्रमाण शेकडा १० नेच घटले आणि मुलांच्या आरोग्यात फरक आढळला नाही. ओडिशात १०० गावांच्या प्रयोगात शौचालये असलेल्या घरांचे प्रमाण शेकडा ९ वरून ६३ वर गेले. आरोग्यात तेथेही फरक नाही. म्हणजे नगरमध्ये थोडी शौचालये वाढून मुले उंच झाली आणि ओडिशात कितीतरी अधिक बांधून काही झाले नाही, असा हा विरोधाभास आहे. नगरचा परिणाम केवळ ८ घरांच्या मानाने फार मोठा आहे, ही शंका अभ्यासकांनी घेतली आहे आणि ती रास्तही आहे. परंतु बांधलेले शौचालय आणि वापरलेले शौचालय या दोन भिन्न वस्तू आहेत, हे ग्रामीण भागात वावरणाऱ्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. सरपण, कडबा, खताच्या गोण्या ठेवण्यासाठी उपयोगी पडणारी ती सिमेंटची खोली आपण सर्वांनी पाहिलेली आहे. नगरमध्ये भर होता तो गावाचे मन वळविण्यावर, आणि मन वळल्याचा परिणाम ज्यांच्याकडे शौचालय आधीच होते परंतु वापरात नव्हते त्यांच्यावरही झाला असला पाहिजे, हे अनुमान मला पटते. शिवाय, दाटीवाटीच्या गावठाणात उघड्यावरील घाण जितकी घातक असते तितकी ती दूरदूर घरे असलेल्या पाड्यात नसते. शौचालयांची संख्या हा एकच आकडा मोजणाऱ्या अहवालात यांतील एकही गोष्ट दिसत नाही.

गडचिरोलीच्या नवजात बालकांची कथा हीच गोष्ट दुसऱ्या अंगाने सांगते. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांच्या शुश्रूषेचा प्रयोग केला आणि शेजारची ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. गावातीलच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्यात आले. बाळाचे वजन घेणे, ताप पाहणे, श्वास गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे, आणि जरूर पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देणे, ही सर्व कामे त्या करीत. या गावांत हजार जिवंत जन्मांमागे आरंभी सुमारे ६२ असलेले नवजात बालकांच्या मृत्यूचे प्रमाण १९९७-९८ पर्यंत सुमारे २५ वर आले, तर तुलनेच्या गावांत ते जवळजवळ होते तेथेच राहिले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला आणि रुग्णालयावाचून नवजात बाळ वाचविता येत नाही हा समज ढळला.

या यशातील औषध कोणते? इंजेक्शन हे एक उत्तर झाले. परंतु मोजक्या गावांत, आरोग्यदूतांची निवड गावाच्या विश्वासाने झालेली, शिक्षण दीर्घ आणि पुनःपुन्हा उजळणी घेणारे, देखरेख करणारी माणसे नेमाने गावात येणारी, आणि संस्थेचे संस्थापक स्वतः त्याच मुलुखात राहणारे, हा सारा परिवार त्या इंजेक्शनाभोवती होता. पाकिस्तानातील सिंध प्रांतात हाला येथे शासनाच्या महिला आरोग्यसेविकांमार्फत याच जातीचा प्रयोग झाला तेव्हा नवजात बालकांच्या मृत्यूंत शेकडा १५ इतकी घट दिसली. गडचिरोलीच्या मानाने ही घट फार लहान, असे म्हणून तो निबंध बाजूला ठेवण्यापूर्वी त्यातीलच दुसरा आकडा वाचावा: १२,०२८ नवजात बालकांपैकी त्या सेविका शेकडा २४ बालकांपर्यंतच पोहोचू शकल्या होत्या. चारांतील एका बाळाची भेट होऊनही जर मृत्यू घटले असतील, तर तो निष्कर्ष उपायाच्या बाजूने जातो. आणि चारांतील तीन बाळे राहून गेली, हा निष्कर्ष त्या व्यवस्थेच्या विरुद्ध जातो. दोन्ही एकाच निबंधात आहेत.

भारतात २०११ साली ही पद्धत आशा कार्यकर्तीच्या हाती देण्यात आली: बाळ दवाखान्यात जन्मले तर सहा भेटी, घरी जन्मले तर सात, ४२ दिवस पुरे होईपर्यंत, आणि सर्व भेटी पुऱ्या केल्यास २५० रुपये मोबदला. प्रतिजैविकाचे इंजेक्शन मात्र आशाताईंच्या हातात दिलेले नाही. शिवाय २००५ च्या जननी सुरक्षा योजनेनंतर बाळंतपणे मोठ्या प्रमाणावर दवाखान्यांत होऊ लागली, त्यामुळे गडचिरोलीच्या प्रयोगाच्या वेळी घरात मरणारी जी बालके होती आणि आज जी मरतात त्यांच्या मृत्यूची कारणे एक राहिलेली नाहीत. यानंतर कोणी आशांच्या भेटींचे मूल्यमापन करून, गडचिरोलीचा उपाय देशात चालला किंवा चालला नाही, असे म्हणू लागला तर त्याला विचारावे लागेल की, कोणता उपाय? नाव तेच राहिले; घटकद्रव्ये, हात आणि काळ हे तिन्ही बदलले.

परिस्थितीचा प्रभाव कित्येकदा घराच्या उंबरठ्याआड दडलेला असतो. तामिळनाडूत १९८० पासून चाललेल्या एकात्म पोषण प्रकल्पाचा भर मातांना बालसंगोपनाचे ज्ञान देण्यावर होता आणि त्याचा बराच बोलबाला झाला. त्याच धर्तीवर बांगलादेशात १९९५ मध्ये प्रकल्प सुरू झाला, आणि परीक्षेअंती त्याचे फळ फार तोकडे आढळले. तेथील ग्रामीण कुटुंबांत बाजारहाट पुरुष करीत आणि कोणाच्या ताटात काय वाढावयाचे हे पुष्कळदा सासू ठरवी. ज्ञान मिळाले ते सुनेला. तत्त्वज्ञ नॅन्सी कार्टराइट यांनी हे उदाहरण पुढे ठेवून असे प्रतिपादन केले आहे की, एखादे कारण आपले कार्य करते ते साहाय्यक कारणांच्या सोबतीने, आणि ती सोबत नव्या जागी आहे की नाही हे पाहिल्यावाचून जुना पुरावा तेथे नेता येत नाही.

सातपूरपुरते बोलावयाचे तर शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे उदाहरण घेता येईल. १९५० साली केंद्राने सुरू केलेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेचे अभ्यासक्रम येथे चालतात. फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे ट्रेड शिकलेल्या मुलाला आयटीआयच्या फाटकातून बाहेर पडल्यावर कारखान्यांची फाटके दिसतात, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली उमेदवारी करण्याची संधी जवळच असते, आणि वडील किंवा मामा त्याच वसाहतीत असल्यामुळे कोठे भरती आहे ही बातमीही घरी येते. तोच ट्रेड, तेच पुस्तक, तीच परीक्षा सुरगाण्यासारख्या डोंगरी तालुक्यात ठेवली, तर शिकविणारा तितकाच कसबी असला तरी नोकरीचा आकडा सारखा येणार नाही. किती मुलांना काम मिळाले एवढ्यावर संस्थेची प्रत ठरविणारा अहवाल अशा वेळी शिक्षकांची परीक्षा न घेता भूगोलाची परीक्षा घेत असतो, आणि त्या अहवालावरून अनुदान ठरले तर डोंगरातील मुलावर दुहेरी अन्याय होतो.

येथे मला एका पळवाटेबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. ‘योजना चांगली होती, अंमलबजावणी ढिसाळ झाली’ हे वाक्य विधिमंडळापासून ग्रामसभेपर्यंत इतके ऐकू येते की, त्याआड कोणतीही योजना कितीही वर्षे सुरक्षित राहू शकते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडवर्ड सुकमन यांनी १९६७ साली कल्पनेचे अपयश आणि कार्यवाहीचे अपयश असा भेद केला तो निदान करण्यासाठी. पुढे तोच भेद जबाबदारी टाळण्यासाठी वापरला जाऊ लागला. केनियात कंत्राटी शिक्षक नेमण्याची योजना वर्ल्ड व्हिजन या संस्थेने राबविली तेथे मुलांची प्रगती दिसली. तेच शिक्षक, त्याच देशात, सरकारी यंत्रणेमार्फत नेमले गेले तेथे ती दिसली नाही. सरकारने अधिक नेटाने काम करावयास हवे होते, असे म्हणून हा प्रश्न मिटत नाही. जी योजना देशभर सरकारलाच राबवावी लागणार, तिची आखणी सरकारच्या कचेऱ्या प्रत्यक्षात जशा आहेत तशा गृहीत धरून झाली पाहिजे; रिक्त पदे, अपुरा प्रवासभत्ता, एका ग्रामसेवकाच्या अंगावर अनेक योजनांची दप्तरे, हे सारे आकस्मिक अपघात नसून आखणाऱ्याला आधीपासून ठाऊक असलेली परिस्थिती होय. सामान्य तालुका कचेरीच्या हातून जी पार पडू शकत नाही ती योजना माझ्या मते मसुद्यातच सदोष आहे, मग तिच्यामागील कल्पना कितीही उदात्त असो.

म्हणून मूल्यमापन करणाराने फळ मोजण्यापूर्वी काम मोजावे. ठरलेल्या भेटींपैकी किती झाल्या, झालेल्या भेटींत काय केले गेले, ज्यांच्यासाठी योजना होती त्यांच्यापैकी कितींपर्यंत ती गेली, मूळ उपायातील कोणता भाग वाटेत गळला, आणि तुलनेच्या गावांत त्याच काळी दुसरी कोणती योजना शिरली, ही नोंद योजना चालू असतानाच व्हावी लागते. मुदत संपल्यावर ती आठवणीतून भरून काढता येत नाही. हे काम कष्टाचे आहे आणि त्याची कीर्ती होत नाही. तरीही त्यावाचून लिहिलेला अहवाल, त्यातील आकडेशास्त्र कितीही निर्दोष असले तरी, कशाची परीक्षा झाली हेच सांगू शकत नाही.

आपल्या जिल्हा परिषदेचा किंवा महानगरपालिकेचा वार्षिक अहवाल हा कोणीही नागरिक मागून वाचू शकतो. वाचकांना माझी विनंती आहे की, पुढच्या वेळी त्यात एखाद्या योजनेच्या यशाचा किंवा अपयशाचा आकडा दिसला, तर त्याच योजनेचे काम ठरल्यापैकी किती आणि कोणत्या गावांत, कोणत्या प्रभागांत झाले, याचे परिशिष्ट आपण लेखी अर्ज करून मागावे, आणि ते मिळेपर्यंत त्या आकड्यावर बरेवाईट मत देऊ नये.